हा पाऊस कोणत्या गांवचा?

गेल्या स्नेहसंमेलनांत आमच्या विज्ञानमंडळानें जालन्याच्या पावसाचा एक आलेख भिंतीवर लाविला होता. १९९१ ते २०२० या तीस वर्षांतील महिनेवार सरासरी त्यांत दाखविली होती. पाहुण्यांनीं त्याची वाखाणणी केली. मात्र अंबड तालुक्यांत मोसंबीची बाग असलेले एक पालक आलेखापुढें बराच वेळ उभे राहिले, आणि अखेर संकोचानें म्हणाले, “सर, हा पाऊस आपल्याकडचा नव्हे. आपल्याकडे जुलैहून ऑक्टोबर मोठा असतो काय?”

त्यांचें म्हणणें खरें ठरलें. तो पाऊस आंध्र प्रदेशांत, ओंगोल शहराच्या वायव्येस सुमारें चाळीस किलोमीटरांवर पडलेला होता! चूक मुलांची नव्हती; आकड्यांचा क्रम त्यांस मींच सांगितला होता. ती कशी घडली हें आधीं सांगतों, म्हणजे माझ्या म्हणण्याचा रोख वाचकांच्या ध्यानीं येईल.

हजेरीपट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतील एका खुणेपर्यंत पोहोंचावयास दोन गोष्टी लागतात, विद्यार्थ्याचा क्रमांक व तारीख. कपाटांत सर्व वर्गांचे हजेरीपट एकावर एक रचिले, तर कोणता हजेरीपट ही तिसरी गोष्टही सांगावी लागते. संगणकाच्या परिभाषेंत अशा रचनेस बहुमितीय अ‍ॅरे म्हणतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणें येथील कार्यालयानें प्रसिद्ध केलेली दैनिक पर्जन्याची माहिती याच जातीची आहे. देशाच्या नकाशावर पाव पाव अंशाच्या अंतरानें रेघा कल्पिल्या आहेत, अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत १२९, आणि रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत १३५. त्यांच्या प्रत्येक छेदबिंदूवर १९०१ पासूनच्या प्रत्येक दिवसाचा आकडा मांडला आहे. एका साध्या वर्षाचेच आकडे ६३,५६,४७५ होतात, आणि त्यांतून जालन्याचे ३६५ तेवढे वेंचून काढावयाचे असतात.

जालना शहर अक्षांश १९.८३ व रेखांश ७५.८८ यांजवळ आहे. आम्हीं त्याच्या नैर्ऋत्येचा बिंदु धरिला, म्हणजे अक्षांश १९.७५ व रेखांश ७५.७५. पाव अंशाचें एक पाऊल मानिलें तर ६.५ पासून १९.७५ पर्यंत ५३ पावलें होतात, व ६६.५ पासून ७५.७५ पर्यंत ३७. पायथॉन भाषेंतील नम्पाय या साधनांत गणना शून्यापासून होते. म्हणून हींच पावलें त्या स्थानाचे क्रमांक ठरलीं. येथवर सर्व बिनचूक होतें. परंतु मी ज्या पुस्तकांवर शिकलों तीं फोरट्रानचीं. फोरट्रान ही १९५७ सालची भाषा; तींत पहिला क्रमांक सर्वांत जलद बदलतो, म्हणून ही फाईल तेथें रेखांश, अक्षांश, दिवस अशा क्रमानें वाचावी लागते. नम्पायमध्यें सामान्यतः शेवटचा क्रमांक जलद बदलतो. तेथें दिवस, अक्षांश, रेखांश असा क्रम येतो. मीं दिवस पुढें नेला खरा, पण जुन्या संवयीनें रेखांश अक्षांशाच्या आधींच ठेविला. संगणकानें ३७ हा अक्षांशाचा क्रमांक समजला व ५३ हा रेखांशाचा, आणि अक्षांश १५.७५, रेखांश ७९.७५ येथील पाऊस मुकाट्यानें आमच्या हातांत ठेविला.

‘मुकाट्यानें’ हा शब्द मीं जाणून योजिला आहे. क्रमांक मर्यादेबाहेर गेला असता तर यंत्रानें तक्रार केली असती. पण ३७ हा १२९ च्या आंत होता आणि ५३ हा १३५ च्या आंत. यंत्राच्या लेखीं आमचा प्रश्न निर्दोष व त्याचें उत्तरही निर्दोष.

माझें मत असें आहे कीं, आपल्या शाळांतून संगणकाचे जे धडे दिले जातात त्यांत आज्ञा लिहिण्यावर फार भर असतो, आणि आज्ञेनें काय वेंचून आणिलें हें पाहण्यावर फारच थोडा. प्रोग्रॅम चालला, पडद्यावर आकृति उमटली, कीं आम्ही शिक्षक गुण देऊन मोकळे होतों. विद्यार्थ्यांनो, पहिला क्रमांक कशाचा, तो शून्यापासून मोजला कीं एकापासून, शेवटचा आंत धरिला कीं बाहेर, हें आधीं कागदावर लिहा. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस हवे असतील तर साध्या वर्षांत नम्पायला १५१ पासून २७३ असें सांगतात. २७३ हा क्रमांक स्वतः त्यांत येत नाहीं. तेच आकडे २०२४ सारख्या लीप वर्षांत दिले तर ३१ मे आंत शिरतो व ३० सप्टेंबर बाहेर राहतो; दिवस मात्र १२२ च भरतात! याउलट भारताबाहेरच्या बिंदूंवर ‘नोंद नाहीं’ या अर्थीं उणे ९९९ लिहिलेलें असतें. तें न वगळतां सरासरी काढिली तर पाऊस उणा येतो. ही चूक त्या मानानें बरी, कारण ती पाहून हंसूं येतें.

कोणी म्हणेल कीं, एक्सअ‍ॅरेसारख्या साधनांत आतां क्रमांकाऐवजीं नांवानें मागतां येतें. अक्षांश इतका, रेखांश इतका, एवढें सांगितलें कीं झालें. तें साधन मला मान्य आहे व आम्ही आतां तेंच वापरतों. परंतु ‘जवळचा बिंदु दे’ असें त्यास सांगून पाहा. जालन्याचा रेखांश ७५.७५ पासून ०.१३ अंश दूर, तर ७६.०० पासून ०.१२ अंश. एका शतांश अंशाच्या फरकावर यंत्र पूर्वेकडे जाईल. एकच बिंदु घ्यावा कीं भोवतालच्या चारांची सरासरी काढावी, हा निर्णय यंत्राकडे सोंपविणें मला पसंत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत ही केवळ परीक्षेची गोष्ट नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, हें पालकवर्गास सांगावयास नकोच. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत भरपाईचा निर्णय महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून होतो. तेथें काम करणारानें शेजारच्या मंडळाची ओळ उचलली, तर यंत्र त्यास अडविणार नाहीं, आणि बागाईतदाराच्या घरीं तो आकडा कोठून आला हें कोणासही कळणार नाहीं.

आलेख आम्हीं पुन्हां काढिला. या खेपेस एका विद्यार्थिनीनें त्याखालीं बिंदूचा अक्षांश, रेखांश व दिवसांची मर्यादा स्वच्छ अक्षरांत लिहिली. मग त्या पालकांस मुद्दाम बोलाविलें. त्यांनीं जुलैवर बोट ठेविलें, ऑक्टोबरवर ठेविलें, “आतां आपला दिसतो” असें म्हणाले, आणि चहा घेऊन बागेकडे गेले.