अंधत्वाची स्तुति कीं कवित्वाची?

फॅनी क्रॉस्बी या अमेरिकन कवयित्रीविषयीं जें जें लिहिलें जातें, त्याचा प्रारंभ बहुधा तिच्या डोळ्यांपासून होतो आणि शेवटही डोळ्यांवरच होतो. सहा आठवड्यांची असतांना तिची दृष्टि गेली, बाहेर अंधार झाला म्हणून अंतरांत उजेड पडला, आणि त्या उजेडांत आठ हजारांवर ख्रिस्ती भक्तिगीतें आपोआप उमललीं! भाविक वाचकांचा रोष पत्करूनही आम्ही म्हणतों कीं, या स्तुतीनें त्या बाईचा उपमर्दच होतो.

१८२० सालीं न्यूयॉर्क राज्यांत जन्मलेल्या या मुलीनें लहानपणींच बायबलाचे अध्यायच्या अध्याय मुखोद्गत केले. १८३५ सालीं ती न्यूयॉर्कच्या अंधशाळेंत दाखल झाली, आणि पुढें तेथेंच शिक्षिका होऊन १८५८ पर्यंत राहिली. तिचा पहिला काव्यसंग्रह १८४४ चा. भक्तिगीतांच्या व्यवसायांत ती शिरली १८६४ सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं. अंधारानेंच गीतें प्रसवत असतीं, तर इतकीं वर्षें तो काय करीत होता? मध्यंतरीं जें चाललें होतें, त्याला अभ्यास म्हणतात.

या चमत्कारकथेचा लाभ कोणाला झाला, हेंही पाहावें. प्रकाशक तिला एका गीताचा एखादा-दुसरा डॉलर देत. गीतसंग्रहांत एकाच हाताचीं इतकीं गीतें दिसूं नयेत म्हणून तिच्या रचना सुमारें दोनशें टोपणनांवांनीं छापल्या गेल्या. चमत्काराला वेतन लागत नाहीं, कारागिराला लागतें. ती स्वतः आपलें अंधत्व ईश्वरी योजनाच मानी आणि पैशाविषयीं तक्रार करीत नसे, असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु तिचा संतोष हा तिचा गुण झाला. तेवढ्यानें देणाऱ्याचा कृपणपणा धुऊन निघत नाहीं.

दुसरा पक्ष रसिकांचा. इतक्या गीतांत पुनरुक्ति फार, असें ते म्हणतात. आम्हांसही तें मान्य आहे. पण ज्या गीताचे शब्द साध्या माणसांना समुदायानें गातां यावयाचे, त्याला ग्रंथालयांतील काव्याचा गज कसा लावावा? १८७३ सालीं फीबी नॅप या मैत्रिणीनें एक चाल वाजवून दाखविली आणि फॅनीनें तिच्यावर शब्द बसविले. तेंच ‘ब्लेसेड ॲशुरन्स’ हें गीत आजही प्रार्थनामंदिरांत गाइलें जातें. तयार चालीच्या मापांत, कागदाचा आधार न घेतां, मनांतल्या मनांत शब्द जुळवावयाचे आणि मग दुसऱ्याकडून लिहवून घ्यावयाचे, ही तिची रीत होती. त्या कसबाची परीक्षा करा, आणि जेथें तें उणें पडतें तेथें खुशाल उणें म्हणा.

१९१५ सालीं, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन ती वारली. आयुष्यभर तिला कौतुक उदंड मिळालें. परीक्षक मात्र थोडे. अंध माणसाची कींव करावयास कांहींच लागत नाहीं. त्याच्या कामांतील खरें-खोटें निवडावयास मात्र तें काम वाचावें लागतें, आणि तेवढा मान तरी या कवयित्रीला देणें आपणांकडे लागतें.