सगळे पासपोर्ट एकाच बॅगेत

युरोपात रेल्वेने फिरायला निघालेल्या मराठी कुटुंबांचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, किमान 30,000 युरोंचा विमा असा कागदांचा ढीग ही मंडळी निमूट जमवतात. ज्या गाड्यांतून फिरायचं, त्यांचे नियम मात्र घरातल्या एकाच पुरुषाला, तेही अर्धवट, ठाऊक असतात. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या बॅगेत, तिकिटं त्याच्या मोबाइलमध्ये, कार्डं त्याच्या पाकिटात. बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत चालतात. घरच्यांना यात मोठी काळजी दिसते. मला यात सहलीतला सर्वांत मोठा धोका दिसतो.

फ्रान्सची टीजीव्ही घ्या. सुटण्याच्या दोन मिनिटं आधी तिचे दरवाजे बंद होतात. कर्ता पुरुष बॅगा चढवून आत गेला आणि आई फलाटावर राहिली, तर तिला हात देऊन वर ओढून घ्यायची सोय नाही. 1995च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने आपल्याला युरोपच्या रेल्वेचं वेड लावलं, पण त्यातला धावत्या गाडीचा शेवटचा प्रसंग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनवर चित्रित झाला आहे. तो प्रकार पॅरिसला चालत नाही. जर्मनीत काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका शहराला जातात, मागचे दुसऱ्या. व्हेनिसला मुख्य स्टेशनं दोन आहेत, मुख्य भूमीवरचं मेस्त्रे आणि कालव्याकाठचं सांता लुचिया. चुकीच्या ठिकाणी उतरलेल्या माणसाजवळ पासपोर्ट नाही, चालू सिमकार्ड नाही, हॉटेलचा पत्ताही नाही. हे संकट चोराने आणलेलं नसतं, आपल्याच घरातून गेलेलं असतं.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चढून-उतरून उभी हयात नोकरी केलेली बाई परदेशात स्वतःचा पासपोर्ट मागत नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. तिला रेल्वे कळत नाही असं कोण म्हणेल? तिला कुणी विचारतच नाही, एवढंच.

पास विकणारे एजंट या अज्ञानावर पोट भरतात. युरेल पास 33 देशांत चालतो, हे ते छातीठोकपणे सांगतात. टीजीव्ही, युरोस्टार, इटलीची फ्रेचारोसा यांत आसनाचं आरक्षण सक्तीचं आहे, त्याचे पैसे वेगळे पडतात आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागा मोजक्याच असतात, हे सांगताना त्यांची वाचा बसते. इटलीतल्या इतालो या खासगी गाडीत हा पास चालतच नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याला पास विकणाऱ्याने आरक्षणाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. गाडीच्या दिवशी त्यांना दुसऱ्या गाडीची पूर्ण भावाची तिकिटं घ्यावी लागली. लंडनसाठी शेंगेन व्हिसा चालत नाही, युरोस्टारला बसण्याआधी पासपोर्ट तपासतात. इटलीच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड होतो. ग्राहकाला हे लेखी न देणारा माणूस सेवा विकत नाही, फसवणूक करतो.

आता चोरांकडे वळू. पॅरिसचं गार द्यू नोर, रोमचं तेर्मिनी, बार्सिलोनाचं सांत्स इथे पाकीटमारांचा वावर आहे. तिकिटाच्या यंत्रापाशी आपणहून मदतीला येणारा, बॅग चढवायला हात लावणारा, दारात मुद्दाम कोंडी करणारा अशी त्यांची कामाची पद्धत. डब्याच्या टोकाला ठेवलेली बॅग स्टेशन आलं की दुसराच उतरवून नेतो. त्यांना घाईतला, गोंधळलेला प्रवासी हवा असतो, आणि दहा मिनिटांत गाडी बदलायचा बेत आखणारे आपण तो तयार करून देतो. त्यात ती एक बॅग गेली की सगळ्यांचे पासपोर्ट गेले. मग पोलिसांत तक्रार, भारतीय दूतावासाच्या खेपा. तातडीचं प्रमाणपत्र मिळालं तरी ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. एका बॅगेपायी अख्ख्या कुटुंबाची सहल तिथेच संपते.

उपाय कुणालाही जमण्यासारखे आहेत. प्रत्येक प्रौढाचा पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या अंगावर, कपड्यांच्या आत असावा. तिकिटाची प्रत, एक कार्ड, चालू सिम आणि कागदावर लिहिलेला हॉटेलचा पत्ता प्रत्येकाकडे असावा. युरोपभर आणीबाणीसाठी 112 हा एकच क्रमांक आहे. तो आजीलाही पाठ हवा. चुकामूक झाली तर मागे राहिलेल्याने फलाट सोडायचा नाही, पुढे गेलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून परत यायचं, हे आधीच ठरवा. गाडी बदलायला तासभर ठेवा. इटलीत संप वारंवार होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते, हे माहीत असलेला प्रवासी फलाटावर हताश बसत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साधारणपणे गाडीला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांचा झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते. तोही हक्क माहीत असेल त्यालाच मिळतो.

म्हणून निघण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. कुठल्या स्टेशनवर चढायचं, कुठे उतरायचं, हरवलो तर काय करायचं, हे प्रत्येकाच्या तोंडून ऐका. एकालाही सांगता आलं नाही, तर तुमची तयारी झालेली नाही. आणि बायांनो, कुणी देण्याची वाट पाहू नका. तुमचा पासपोर्ट तुमच्या नावाचा आहे. तो मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा.