कुस्तीचा आखाडा कुणी मोडला?

लॉस एंजल्सच्या ऑलिंपिकमध्ये १९८४ साली अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाने चीनला मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. स्पर्धा झाली ती तिथल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये, आणि विजयी संघातले पीटर विडमार, मिच गेलॉर्ड व टिम डॅगेट हे तिघेही त्याच विद्यापीठात घडलेले. घरच्या अंगणात सोने लुटावे तसा तो प्रसंग. पण पुढे दहाच वर्षांत, १९९४ साली, त्या विद्यापीठाने पुरुषांचा जिम्नॅस्टिक्स संघ बंद करून टाकला. पुरुषांचा जलतरण संघही त्याच सुमारास गेला. पैशांची तंगी हे एक कारण, आणि मुलामुलींच्या खेळांत समतोल राखण्याची कायद्याची अट हे दुसरे. लोकांच्या लक्षात राहिले ते दुसरे.

तो कायदा म्हणजे ‘टायटल नाइन’. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे एक वाक्य: सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमातून लिंगभेदाच्या आधारे कुणालाही वगळता येणार नाही. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. एडिथ ग्रीन आणि पॅट्सी मिंक या ज्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी जिवाचे रान केले, त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यत्वे प्रवेश आणि नोकऱ्या होत्या. मैदानावरचे भांडण नंतर उभे राहिले.

ते उभे राहणे अटळच होते. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणारी मुले ३६ लाखांहून अधिक होती आणि मुली ३ लाखांहूनही कमी. आज मुलींचा आकडा ३० लाखांच्या पुढे आहे. कायदा झाल्यावरही सगळे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. येल विद्यापीठात नौकानयन करणाऱ्या मुलींना नदीकाठी अंघोळीची सोय नव्हती. कडाक्याच्या थंडीत ओल्या कपड्यांनिशी त्या बसमध्ये बसून राहत आणि आत मुलगे गरम पाण्याने अंघोळ करीत. १९७६च्या मार्चमध्ये १९ मुली थेट क्रीडा अधिकाऱ्याच्या दालनात शिरल्या आणि अंगावरचे कपडे उतरवून उभ्या राहिल्या. उघड्या अंगावर शाईने त्या कायद्याचे नाव लिहिलेले होते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतील, पण नुसत्या अर्जविनंत्यांनी जे होत नव्हते ते त्या दिवशी झाले. साऱ्या देशाला विषय कळला.

आता मुलग्यांच्या तक्रारीकडे येऊ. ती खोटी नाही. समानता मोजायची कशी, यासाठी १९७९ साली तीन कसोट्या ठरल्या आणि त्यांतली कोणतीही एक पुरी केली की भागते. खेळाडूंत मुलींचे प्रमाण विद्यार्थ्यांतल्या प्रमाणाइतके असावे, ही पहिली. मुलींच्या संधी सातत्याने वाढवत नेल्याचे दाखवावे, ही दुसरी. मुलींची आवड व कुवत यांना पुरेसा वाव दिल्याचे दाखवावे, ही तिसरी. वकिलांना आवडली ती पहिली, कारण तिथे आकडा दाखवून मोकळे होता येते. ब्राउन विद्यापीठाच्या खटल्यानंतर तर तिचाच बोलबाला झाला. ब्राउनने १९९१ साली मुलींच्या दोन आणि मुलग्यांच्या दोन संघांचा निधी काढून घेतला. वरवर पाहता अगदी समान न्याय! पण विद्यार्थ्यांत निम्म्याहून किंचित अधिक असलेल्या मुली खेळाडूंत चाळीस टक्क्यांहून कमी होत्या. मुलींना खेळाची आवडच कमी, हा विद्यापीठाचा बचाव. आवड ही संधीतूनच वाढते, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला आणि प्रकरण संपले.

गणिताची गंमत अशी, की प्रमाण दोन रीतींनी जुळते. मुली वाढवा, नाहीतर मुलगे कमी करा. दुसरी रीत स्वस्त! कुस्तीचे संघ १९८१-८२ साली साडेतीनशेहून अधिक होते, ते वीस वर्षांत सव्वादोनशेच्या आसपास उतरले. शिष्यवृत्ती नको, फक्त संघाबरोबर सराव करू द्या, असे म्हणणाऱ्या पोरांनाही आकडा बिघडतो म्हणून परत पाठविले गेले. ज्याला तालमीतल्या मातीचा वास ठाऊक आहे, त्याला या पोरांचे दु:ख वेगळे सांगायला नको. त्यातून एका मुलीचेही भले झाले नाही, हे कायद्याच्या समर्थकांनी कबूल करायला हवे. हा त्या नियमाचा खरा दोष आहे.

पण मग कुऱ्हाड नेमकी कुस्तीवरच का पडते? उत्तर शेजारच्या मैदानावर आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी खेळतात ११ जण. व्यावसायिक संघाची यादी ५३ जणांची. बड्या विद्यापीठांच्या संघांना मात्र कित्येक वर्षे ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती आणि सोबत बिनशिष्यवृत्तीचे खेळाडू असत ते निराळेच. त्याच खर्चात कुस्तीचा अख्खा संघ सुखाने जगला असता. फुटबॉल पैसा कमावून देतो, असे सांगतात. पण बहुतेक विद्यापीठांचे क्रीडाविभाग मिळवतात त्याहून अधिक उधळतात. शिवाय १९८४ ते १९८८ या काळात एका निकालामुळे हा कायदा खेळांना जवळजवळ लागूच नव्हता, तरी कुस्तीचे संघ बंद पडतच होते. तेव्हा दोष कुणाला देणार?

कुस्तीच्या प्रशिक्षकांच्या संघटनेने २००२ साली सरकारलाच न्यायालयात खेचले. खालच्या कोर्टात हरले, २००४ साली वरच्या कोर्टातही हरले. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: नियम रद्द केला तरी विद्यापीठे तुमचे संघ पुन्हा सुरू करतील याचा भरवसा काय? माझ्या मते या साऱ्या वादातले हे सर्वांत मर्मावरचे वाक्य. संघ बंद करण्याचा निर्णय कायदा घेत नाही, कुलगुरूंच्या दालनात तो घेतला जातो. मग पत्रकार परिषदेत कायद्याकडे बोट दाखवले, की मुलगे मुलींवर चिडतात आणि दालनातली माणसे सुटतात. स्टॅनफर्डने २०२० साली कुस्तीसह अकरा संघ बंद करण्याचे जाहीर केले. २०२१च्या मार्चमध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचे चिन्ह नसलेला काळा पोशाख घालून मैदानात उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. दोनच महिन्यांत स्टॅनफर्डने निर्णय मागे घेतला. कायद्यातले एक अक्षरही मधल्या काळात बदलले नव्हते.

२०२५च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जाणार, हे उघड आहे. लहान खेळांच्या प्रशिक्षकांना पुन्हा धडकी भरली आहे, आणि या वेळी त्यांत मुलींचे संघ चालविणारेही आहेत. त्याच वर्षी जानेवारीत महिला कुस्तीला महाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणाऱ्यांत, २००२ साली कोर्टाची पायरी चढलेली प्रशिक्षकांची तीच संघटना होती.