अंगणांतील मालमोटार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत बार्शीटाकळी येथें आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. घराच्या अंगणांत, निंबाच्या झाडाखालीं, एक जुनी मालमोटार उभी आहे. तिचीं चाकें मातींत रुतलेलीं, हौद्यांत पऱ्हाट्यांची रास, आणि टपावर कोंबड्या. नोंदणीच्या पुस्तकांत १९६८ हें साल आहे. तोंडावरील टाटा-मर्सिडीज-बेंझ हीं अक्षरें अद्याप वाचतां येतात. विद्यार्थ्याच्या वडिलांनीं ती तिसऱ्या कीं चौथ्या हातानें विकत घेतली, बरींच वर्षें तिच्यावर अकोल्याच्या बाजारांत कापूस व तूर वाहिली, आणि त्यांच्या मागें ती जागच्या जागीं राहिली. आतां हा चोवीस वर्षांचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून यंत्रकाम शिकून आला असून, ती मोटार घरच्या घरीं, स्वतःच्या हातांनीं पुन्हा उभी करावी असा त्याचा हट्ट आहे. आईचें म्हणणें निराळें. चहाचा कप हातीं देतां देतां ती माउली म्हणाली, "सर, तुमीच सांगा याले. हे लोखंड इकलं तं पोरीच्या कालेजाची फी भरता येईन."

दोघांनींही माझ्या तोंडाकडे पाहिलें. त्या वेळीं मी जें बोललों तें फारसें विचारपूर्वक नव्हतें. म्हणून तें येथें सांगत नाहीं. घरीं आल्यावर जें सुचलें तें मात्र आमच्या वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें, कारण वऱ्हाडांतील पुष्कळ अंगणांत असें एखादें लोखंड उभें आहे, आणि त्याविषयीं बोलतांना आपण एक तर तुच्छतेनें बोलतों, नाहीं तर भाबडेपणानें.

प्रथम त्या मोटारीची योग्यता पाहूं. देशांत माल वाहणारी मोटार कशी आली हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेच्या डॉज व फार्गो मालमोटारी जोडल्या जाऊं लागल्या. १९४५ सालीं स्थापन झालेली टाटांची कंपनी आधीं आगगाडीचीं इंजिनें बांधीत असे. १९५४ सालीं तिनें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपूर येथें मालमोटारी काढण्यास आरंभ केला. तो करार १९६९ सालीं संपला. म्हणजे अंगणांतील ही गाडी त्या भागीदारीच्या अगदीं शेवटच्या काळांतील आहे. अशा मोटारींनीं या प्रांताचें काय केलें हें वृद्ध शेतकऱ्यांस विचारावें. रात्रभर बैलगाडी हांकून जो कापूस जिनिंगच्या दारीं पोंचत असे, तो दोन प्रहरांचें जेवण होण्याच्या आधीं पोंचूं लागला. राजेरजवाड्यांच्या मोटारींचे जलसे भरतात, त्यांचीं छायाचित्रें छापून येतात; पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा संसार त्या मोटारींवर चालला नाहीं, तो या खटाऱ्यांवर चालला.

असें असतां आपला कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या, संग्रहणीय वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाचें, मूळ रूपांत राखलेलें वाहन २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठीं नोंदवितां येतें. त्याच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, आणि प्रदर्शन, शर्यतीची फेरी किंवा दुरुस्ती अशा कामांपुरतें तें रस्त्यावर आणतां येतें. नियम चांगला आहे. परंतु तो दुचाकी वाहनांस आणि माणसें नेणाऱ्या खाजगी मोटारींसच लागू आहे. माल वाहणाऱ्या मोटारीस त्यांत जागा नाहीं! पन्नास वर्षें ज्या मोटारींत साहेब बसले ती वारसा ठरते, आणि पन्नास वर्षें जिनें धान्य वाहिलें ती भंगार ठरते. हा भेद मला न्यायाचा वाटत नाहीं. इंग्लंडमध्यें १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मालवाहू व धंद्याच्या गाड्यांची फेरी निघत आली आहे, आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून जुन्या लॉऱ्या व बसगाड्या कौतुकानें पाहतात. आपल्याकडे निदान या नियमाचें दार मालमोटारींसाठीं, माल न वाहण्याच्या अटीवर कां होईना, उघडावें अशी माझी सूचना आहे. माल भरून जुनाट ब्रेकांची गाडी महामार्गावर आणूं द्यावी असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं, आणि मीही म्हणत नाहीं. धूर ओकणाऱ्या, तपासणींत न टिकणाऱ्या गाड्या मोडींत निघाव्यात हें सरकारचें धोरणही योग्यच आहे. पण सर्वच मोडून टाकिलें तर मुलांना दाखवावयास काय उरणार?

आतां हट्टाचा दुसरा भाग. मुलाला ती नुसती दुरुस्त करावयाची नाहीं, सजवावयाचीही आहे. त्यानें मोबाईलवर अमेरिकेंतील जुन्या पिक-अप गाड्या पाहिल्या आहेत. आरशासारखा रंग, रुंद चाकें, खालीं बसविलेला सांगाडा. ते पाहून त्यालाही कांहीं तरी तसें करावेंसें वाटतें. जाणते लोक यावर नाक मुरडतात. त्यांचें म्हणणें, जुनी वस्तु जशी होती तशीच राखावी. आमच्याच बार्शीटाकळीस बाराव्या शतकांतील देवीचें दगडी देऊळ आहे. त्याचे कोरीव दगड काढून तेथें कोणी चकचकीत फरशी बसविली तर आपण त्यास अडाणी म्हणूं. हें खरें; परंतु मालमोटारीस हा न्याय जसाच्या तसा लागत नाहीं. देऊळ बांधणाऱ्यांनीं तें पुरें करून ठेविलें होतें. मालमोटार मात्र कारखान्यांतून अर्धवटच बाहेर पडत असे: खालची चासी, इंजिन, आणि पुढचा पत्रा. चालकाची खोली व मागचा हौदा येथल्या सुतारांनीं व लोहारांनीं बांधावयाचा, फाळक्यांवर येथल्या रंगाऱ्यांनीं वेलबुट्टी काढावयाची. पेट्रोलचें इंजिन परवडेना म्हणून तें काढून पर्किन्सचें डिझेल इंजिन बसविलेल्या कितीतरी जुन्या गाड्या याच रस्त्यांवरून धांवल्या. तेव्हां 'मूळ रूप' म्हणजे कोणतें? १९६८ सालचें, जें कोणी पाहिलेलेंच नाहीं? मुलानें फाळक्याचा एक कोपरा खरवडला तों हिरव्याखालीं निळा, निळ्याखालीं तांबडा असे तीन मालकांचे तीन रंग निघाले. माझ्या मतें त्यानें आपल्या वडिलांच्या वेळचा रंग धरावा. घरांत जी आठवण आहे ती त्या रंगाची आहे.

सजावटीस माझा विरोध नाहीं, तिच्या जागेस आहे. लांकूड, रंग, अक्षरें, गोंडे, बसण्याची गादी यांत मनास येईल तें करावें. (मागें 'हॉर्न ओके प्लीज' मात्र लिहूं नये, २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यास मनाई केली, आणि आमच्यासारख्या रस्त्याकांठच्या शाळेंत शिकविणाऱ्यास तो निर्णय फार आवडला.) परंतु चासीस हात लावूं नये. तिच्या लांब पट्ट्यांस वाटेल तेथें भोंक पाडलें किंवा वेल्डिंगची आंच दिली कीं पोलाद दुबळें होतें, आणि तें दुबळेपण डोळ्यांस दिसत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटींत फेरफार करण्यास प्रतिबंध करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें स्पष्ट करून सांगितलें आहे. डोळे दिपविणारे दिवे आणि कर्णकर्कश भोंगे हे तर शेजाऱ्यांवरील अत्याचारच होत.

घरीं काम करणाऱ्यांनीं जीव सांभाळावा. तो मुलगा एका जॅकवर गाडी उचलून खुशाल खालीं शिरला होता. मी ओरडलों तेव्हां बाहेर आला. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. खालीं जाड लांकडी ठोकळे दिल्याशिवाय गाडीखालीं बोटही घालूं नये. जुन्या चाकाच्या रिमास एक लोखंडी कडी असते. ती नीट बसली नसतां हवा भरली तर कडी तोफेच्या गोळ्यासारखी सुटते व माणूस जागच्या जागीं ठार होतो. हें काम घरीं करूंच नये, टायरवाल्याकडे न्यावें. तो चाक पिंजऱ्यांत किंवा सांखळींत ठेवून हवा भरीत नसेल तर त्याच्याकडूनही करवूं नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुना रंग खरवडतांनाही नाकातोंडास मुसकें बांधावें, कारण त्या रंगांत शिसें असण्याचा संभव फार.

पुष्कळ वर्षें बंद राहिलेलें इंजिन जाम झालेलें असतें. अधीर मनुष्य लगेच बॅटरी जोडून कळ दाबतो आणि आंतील रिंगा मोडून घेतो. शहाण्यानें इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें डिझेल व तेल सोडावें, चार दिवस थांबावें, आणि मग हातानें, केसाकेसानें, इंजिन फिरवून पाहावें. या कामांत मुलगा कच्चा नाहीं. सहा सिलिंडरांचें तें इंजिन त्यानें आठव्या दिवशीं पाव फेरा हलविलें, तेव्हां त्यानें दूरध्वनि करून मला सांगितलें. त्याच्या आवाजांतील तो आनंद वर्गांत पहिला आल्यावरही मी ऐकला नव्हता. अर्थात् तो पहिला कधीं आलाही नव्हता.

उरला आईचा प्रश्न, आणि तो सर्वांत जड आहे. येथें मुलाची बाजू मी घेऊं शकत नाहीं. पुढें गाडी धंद्यास लागेल आणि पैसा देईल, असें तो आईस सांगत होता. तें खरें नव्हे. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची मालमोटार वार्षिक तपासणींत उतरणें दुर्घट, आणि उतरली तरी नव्या गाड्यांपुढें तिला भाडें कोण देणार? आईस खोटी आशा दाखवून तिचें लोखंड अडवून ठेवणें हें कर्तव्य नव्हे. बहीण परिचारिकेचें शिक्षण घेत आहे; तिचें एक वर्ष फुकट गेलें तर तें कोणत्याही गॅरेजांत दुरुस्त होत नाहीं. उलट, भंगारवाल्याचे पैसे एका वर्षाच्या फीस पुरतील, आणि पुढच्या वर्षीं विकावयास दुसरी मालमोटार नाहीं. म्हणून मी त्याला लिहिलें: संध्याकाळीं गांवांतील ट्रॅक्टर व पंप दुरुस्त कर, त्या मिळकतींतून आधीं बहिणीची फी, मग घर, आणि त्यांतून कांहीं उरलें तर मोटारीचा एखादा सुटा भाग. ज्या महिन्यांत फी थकेल त्या महिन्यांत मोटारीस एक स्क्रूही आणावयाचा नाहीं. कर्ज काढावयाचें नाहीं. आणि जूनपर्यंत ही अट मोडली, तर भंगारवाल्यास मीच घेऊन येईन.

त्याचें उत्तर आलें तें लहानसें होतें. अट कबूल आहे, असें त्यानें लिहिलें होतें. डिझेलचा पंप अकोल्यास दुरुस्तीला टाकिला आहे, त्याचे पैसे पोळ्यानंतर जमतील; तोंवर फाळके खरवडण्याचें काम चालू आहे आणि तें बहिणीनें अंगावर घेतलें आहे. खालीं आईचे चार शब्द होते: कोंबड्यांसाठीं दुसरें खुराडें केलें.