सोसायटीचा संगणक आणि सभासदाची सत्ता

जळगाव शहरालगतचे असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० साली जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी टिकली ती पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी ती ऐकून लिहून ठेवली म्हणून. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. लिहिणारा प्रामाणिक असेल तर निरक्षराचे धनही सुरक्षित राहते. खानदेशातील शेतकऱ्याचे आणखी एक धन असेच दुसऱ्याच्या हाती आहे: जमीन, कर्ज व परतफेड यांची नोंद. ही नोंद आता वहीतून संगणकात जात आहे.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटी रुपये होता. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व संस्थांसाठी एकच संगणकप्रणाली ठरली. आपल्याकडे याच संस्थांना विविध कार्यकारी सोसायटी म्हणतात. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून त्यांच्याकडे सावकारीला पर्याय म्हणून पाहिले गेले. सावकाराची वही कर्जदाराला वाचता येत नसे आणि त्यातच सावकाराचे बळ होते. सोसायटीच्या संगणकाचा पडदाही सभासदाला वाचता येणार नसेल, तर वही तेवढी बदलली, जुना संबंध कायम राहिला, असेच म्हणावे लागेल.

यंत्र आणले की संस्था आपोआप सुधारते, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. लाभार्थी ठरविण्यासाठी प्रत्येक कर्जदाराने संगणकावर अर्ज भरावा, असा दंडक घातला गेला. कुटुंब हा घटक मानल्याने पतिपत्नी दोघांनाही केंद्रावर जाऊन अंगठे द्यावे लागले. यंत्रणा वारंवार बंद पडे. रांगा रात्रीपर्यंत लांबत. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या मुहूर्तावर समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांतील चुका बाहेर आल्या. कर्जाचा हिशेब बँकेच्या आणि सोसायटीच्या दप्तरात आधीच होता. तरीही तो सिद्ध करण्याचा भार ज्याच्यापाशी संगणक नव्हता त्याच्यावर टाकला गेला होता.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत हा क्रम उलटला. अर्ज मागविले नाहीत. बँकांनी आपल्या दप्तरातून माहिती दिली, याद्या गावात लावल्या गेल्या आणि शेतकऱ्याने आधार दाखवून रक्कम मान्य की अमान्य एवढेच सांगावयाचे होते. अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागता येत होती. कुटुंबाची अट काढून वैयक्तिक शेतकरी हा निकष ठेवला गेला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली ती केवळ ६८ गावांची. आधी थोड्या गावांत पारखून मग पुढे जावयाचे, हा शहाणपणा तीत होता. ही योजनाही निर्दोष होती असे नाही; अंगठा न जुळल्याने खोळंबलेले वृद्ध शेतकरी तेव्हाही होतेच. परंतु दोन्ही वेळा संस्था त्याच होत्या आणि यंत्रेही बव्हंशी तीच. फरक पडला तो नियम आधी सोपा केल्याने, चाचणी घेतल्याने आणि तक्रारीला जागा ठेवल्याने. यालाच परिवर्तनाचे नेतृत्व म्हणतात.

सोसायट्यांच्या बाबतीत हे नेतृत्व कोणाकडे आहे? प्रणाली दिल्लीत ठरते, देखरेख नाबार्ड करते आणि नोंदी गटसचिव भरतो. या गटसचिवाकडे अनेक ठिकाणी एकाहून अधिक संस्था असतात आणि वेतन वेळेवर न मिळण्याची त्याची तक्रार जुनीच आहे. जुन्या वहीतील चूक त्याने तशीच संगणकात उतरवली, तर तिला छापील अक्षराची प्रतिष्ठा प्राप्त होते आणि ती दुरुस्त करणे अधिक कठीण होऊन बसते. बनावट कर्ज किंवा मृत सभासदाच्या नावावरील येणे यंत्र आपण होऊन ओळखीत नाही.

यावर संगणकाला विरोध करणे हा उपाय नव्हे. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाशी संगणकीकरणाबाबत करार केला, तेव्हा यंत्रे कोठे व किती असावीत या निर्णयात कामगारांचा वाटा मान्य करून घेतला गेला. संघटित श्रमिकाने जे मिळविले ते असंघटित कर्जदार सभासदाला मात्र अद्याप मिळावयाचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगावी नेल्या पाहिजेत. पहिली, नोंदी कायम करण्यापूर्वी त्यांचे सर्वसाधारण सभेत जाहीर वाचन व्हावे. संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ साली चावडीवाचन झाले होते, तेव्हा ही रीत गावाला परकी नाही. दुसरी, प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा मराठीतील छापील उतारा विनामूल्य मिळावा आणि हरकतीचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. तिसरी, गटसचिवाला नियमित वेतन व पुरेसे प्रशिक्षण मिळावे. ज्याची चूल पेटत नाही त्याच्याकडून निर्दोष हिशेबाची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

बहिणाबाईंचे शब्द लिहून घेणारे घरचेच होते. सोसायटीच्या सभासदाला हे भाग्य लाभेलच असे नाही. त्याची नोंद परका लिहिणार असेल, तर ती ऐकण्याचा, तपासण्याचा आणि खोडण्याचा अधिकार त्याच्या हाती असलाच पाहिजे. त्या अधिकारासाठी सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेपासूनच कामाला लागावयास हवे.