घोटा

व्हॅन बास्टनचा तो गोल यूट्यूबवर मी किती वेळा पाहिला असेल देव जाणे. २५ जून १९८८, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, युरो स्पर्धेची फायनल, समोर सोव्हिएत संघ. डावीकडून म्यूरेननं उंच चेंडू टाकला तेव्हा हा पार उजवीकडे होता. तिथून कुणी शहाणा माणूस थेट गोलवर मारत नाही. यानं चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही, आणि दासायेव्हसारखा गोलकीपर नुसता बघत राहिला!

याच मैदानावर २६ मे १९९३ ला मिलानकडून मार्सेलविरुद्ध तो शेवटची मॅच खेळला. वय २८. मधल्या काळात तीनदा बॅलन डी'ओर मिळालेला. घोट्यानं पुढे खेळूच दिलं नाही, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

फुटबॉलवेडे मित्र याचं खापर मागून लाथा घालणाऱ्या डिफेंडरांवर फोडतात. त्या फायनलमधल्या बोलीचं नाव तर हमखास निघतं. डिफेंडर तेव्हा फार सोकावले होते हे खरंच. मागून धोकादायक टॅकल केला तर थेट लाल कार्ड, हे नियमांत १९९८ साली आलं. पण घोट्याचं दुखणं सुरू झालं डिसेंबर १९८६ मध्ये, आयाक्सकडून खेळताना, आणि तेही त्यानं स्वतः केलेल्या टॅकलमध्ये. त्यानंतर तो थांबला नाही. प्रशिक्षक होता साक्षात क्रायफ. मे १९८७ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमधला एकमेव गोल यानंच केला. कप आला, सगळे खूश. मग मिलान, मग शस्त्रक्रिया, पुन्हा मैदान, पुन्हा शस्त्रक्रिया..

मला विचाराल तर खरा गुन्हेगार हा 'दुखत असताना खेळला' याचं कौतुक आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा घोटा सुजलेला असताना सरांनी स्प्रे मारून त्याला परत मैदानात पाठवलं. पोरगं तेरा वर्षांचं! बाजूचे पालक टाळ्या वाजवत होते. मी आवाज चढवला, तर बहीणच म्हणाली, "दादा, तू उगाच तमाशा करू नकोस, त्यालाच खेळायचंय." खेळायचं तर असणारच. व्हॅन बास्टनलाही होतं. म्हणून तर 'नाही' म्हणणारा माणूस खेळाडूच्या बाहेरचा लागतो, ज्याला कपाशी देणंघेणं नाही असा. क्लबचा डॉक्टर तसा असतो का? असो.

निवृत्तीनंतरही दुखणं सुटलं नाहीच. रात्री संडासला जायचं तर रांगत जावं लागे, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. शेवटी घोट्याचा सांधा कायमचा जोडून टाकावा लागला.

सान सिरोवर निरोप घेतानाची त्याची चित्रफीतही आहे. अंगात साधं जाकीट, प्रेक्षकांकडे बघून टाळ्या वाजवत मैदानाला फेरी मारतोय. तिकडे बाकावर बसलेला कापेलो, एरवी दगडासारखा माणूस, रडतोय. तो गोल मी अजूनही बघतो. ही फीत मात्र पुरती एकदाच पाहिली.