आज्जी कुठं बसणार?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे वारणानगरात उतरले की दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, आता यांना न्यायचं कुठं? कारखाना दाखवावा तर हंगाम संपलेला. वारणा बझारचं आम्हाला केवढं कौतुक, पण मॉलमध्ये वाढलेल्या पोरांना त्याचं अप्रूप कुठलं असायला? यंदा भाच्यानं थेट इमॅजिकाचं नाव काढलं. खोपोली इथून कुठल्या कुठं, एका दिवसात जाऊन येणं होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. तरी आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, चौकशी केली, ‘‘तिथं आम्ही काय करायचं?’’

‘‘तुम्ही बॅगा सांभाळायच्या,’’ भाचा म्हणाला. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

अशा ठिकाणी घर एकत्र आत जातं आणि पहिल्याच पाळण्यापाशी त्याची वाटणी होते. दारात उंचीची पट्टी. तिच्या खालचे बाजूला. मग फलक: हृदयविकार, रक्तदाब, पाठदुखी, गरोदर स्त्रिया. आमच्या घरात या फलकातून सुटणारी माणसं काढली तर एक भाचा उरतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ साली बंद पडलं. मधल्या काळात आमच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई आणि पोरांच्या आज्जी, तिथं जाऊन आल्या होत्या. काय पाहिलं म्हणून विचारलं तर सांगतात, ‘‘चपला. दिवसभर सगळ्यांच्या चपला.’’

तेव्हा ठरलं, जोतिबा आणि पन्हाळा. ‘‘म्हणजे तेच नेहमीचं?’’ असं भाच्यानं विचारलं आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

क्रूझर सांगितली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, वारणा श्रीखंडाचा डबा. कोडोली सोडून गिरोलीच्या घाटाला लागलो आणि मागच्या सीटवर लिंबू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या फिरायला लागल्या. आईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. याचं कारण प्रत्येक बाईला माहीत आहे आणि कुठल्याच सहलीच्या माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं. देवळं, गडकोट, धबधबे हिंडणाऱ्या किती आज्ज्या दिवसभर कोरड्या घशानं फिरत असतील, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. वर स्वच्छ आणि उघडं स्वच्छतागृह असेल, एवढी हमी द्या. पुतळे, कारंजी मग बघू.

जोतिबावर रविवारची गर्दी. आत्ताचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं, पण आईंना त्या साली-बिलीशी कर्तव्य नाही. देऊळ गावाच्या पोटात, पायऱ्या उतरून जायचं. प्रत्येक पायरीवर थांबून त्या एक ‘चांगभलं’ म्हणत होत्या. त्यात भक्ती किती आणि गुडघा किती, ते त्यांनाच ठाऊक. भाच्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर कुणीतरी गुलालाची मूठ टाकली. तो आधी चिडला, मग त्यानं फोटो काढला. देव झाला.

खरा दिवस गेला पन्हाळ्यावर. गाडी गडाच्या आतपर्यंत जाते, म्हणून तर आई-आबा बरोबर असतात. २०२१च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत गडावर चढणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा ही सोय किती नाजूक आहे ते कळलं. कित्येक महिने गाड्या वर जात नव्हत्या. तरणी पोरं चालत जायची आणि म्हातारी माणसं घरी राहायची. गिर्यारोहक मंडळी गडावर गाडी नेण्यावर नाकं मुरडतात. मुरडोत. गुडघे बदललेल्या बाईला तटबंदीवरचा वारा खायचा असेल, तर तिनं काय राजदिंडीनं चढावं?

आबांची नोकरी साखरेच्या गोदामात गेली. अंबरखान्यात गंगा कोठी बघायला गेलो तेव्हा आम्ही सगळे कमानींचे फोटो काढत होतो. हा माणूस मात्र भिंतीला तळहात लावून ओल बघत होता. मग वर मान करून छताची भोकं निरखली. धान्य वरून ओतायचं, त्यासाठी बाहेरून छतावर जायला जिना. ‘‘हमाल आत यायलाच नको,’’ ते खूश होऊन म्हणाले. ‘‘दार उघडायचं ते फक्त काढताना.’’ एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी मावायचं असं सांगतात. भाच्यानं खंडी म्हणजे किती किलो ते विचारलं. आबा म्हणाले, वीस मण. मग मण म्हणजे किती, यावर दोघांची जुंपली, कारण मोबाइलमध्ये एक उत्तर आणि आबांच्या डोक्यात दुसरं. मण गावोगाव वेगळा असायचा, हे मोबाइलला सांगणार कोण? पण पोरगं अर्धा तास त्या कोठीत रमलं. वेढा पडल्यावर एवढं धान्य किती माणसांना किती दिवस पुरेल, याचं गणित आजोबा-नातू बोटांवर करत होते. १६६० साली सिद्दी जौहरनं याच गडाला महिनोन्महिने वेढा घातला होता, हे त्याला शाळेत शिकवलेलं. पोटाच्या बाजूनं तो वेढा त्याला पहिल्यांदाच कळत होता.

शिवा काशीदची गोष्ट आबांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितली, म्हणजे अर्धी हातवाऱ्यांनी. महाराजांसारखा दिसणारा एक नाभिक, पालखीत बसून मुद्दाम शत्रूच्या हाती लागला आणि महाराज विशाळगडाकडे निसटले. माझी आठवीतली मुलगी मध्येच म्हणाली, ‘‘त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं असेल?’’ आबा थांबले. मग हात करून खाली दाखवलं. ‘‘घर काय लांब न्हवतं. ते काय खाली, नेबापूर.’’ खाली खरंच पत्र्यांची आणि कौलांची घरं दिसत होती, एकावर टाकी, एकाच्या गच्चीत वाळवण. बाजीप्रभूंचा पुतळा तिनं आधीच पाहिला होता. पण ते गाव दिसल्यावर तिनं फोन पिशवीत टाकला.

सज्जा कोठीच्या सावलीत आईंनी बैठक मारली. संभाजीराजांना इथं ठेवलं होतं आणि बाप-लेकाची शेवटची भेट पन्हाळ्यावरच झाली, हे ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘‘जेवले का दोघं मिळून?’’ इतिहासकारांनी यावर लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

नणंदबाई गेल्या वर्षी व्हिएतनामला जाऊन आल्या. दा नांगजवळ डोंगरमाथ्यावर बा ना हिल्स म्हणून जागा आहे. फ्रेंचांनी शंभर वर्षांपूर्वी उकाड्याला कंटाळून तिथं बंगले बांधले. पुढं ते ओस पडून मोडकळीला आले आणि आता त्याच माथ्यावर नव्यानं बांधलेलं ‘जुनं’ फ्रेंच गाव उभं आहे. पाच-पावणेसहा किलोमीटरच्या रोपवेनं वर जायचं. २०१८ साली दोन अजस्र हातांनी पेललेला सोनेरी पूल झाला, तेव्हापासून मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातीत तो असतोच. वन्सं म्हणाल्या, फार सुंदर, फार स्वच्छ. ‘‘पण वहिनी, त्या गावात घरं आहेत नि कुणी राहत नाही.’’

पन्हाळ्यावर लोक राहतात. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती ३ हजारांच्या आसपास होती. तटाच्या आत शाळा, दर्गा, किराणा, दोरीवर वाळणारी गोधडी. २०२५च्या ११ जुलैला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. अभिमान वाटला, आमच्याकडे पेढेही वाटले. पण गडावरच्या लोकांना तेव्हापासून, खरं तर आधीपासूनच, धास्ती आहे की आता घराची भिंत दुरुस्त करायला कुणाकुणाची परवानगी लागणार, उद्या टपरी उठवणार का. गडावर आता तेरा-डी थिएटर झालंय. भाच्याला त्यातली हलती खुर्ची आवडली आणि आवडू दे. मला भीती खुर्चीची नाही. माणसं हलवून गड चकचकीत केला, तर तोही बा ना हिल्ससारखा होईल. मग तिथं आईंशी गप्पा मारायला कोण असेल?

कारण गप्पा झाल्या. तीन दरवाजाजवळ भाकरी थापणाऱ्या मावशींकडे आम्ही दशम्या बाजूला ठेवून झुणका-भाकर सांगितली. पाटीवर उलथी घातलेली छोटी मडकी, त्यातलं घट्ट दही, कांदा बुक्कीनं फोडलेला. मावशी दोन्ही हातांत भाकरी फिरवत होत्या आणि आई टक लावून बघत होत्या. मग राहवेना.

‘‘पीठ विकतचं व्हय?’’

‘‘न्हाई वो, दळून आणत्यो. माहेरची जुंधळी हाईत.’’

‘‘माहेर कुठलं?’’

‘‘सातवं.’’

झालं. आईंचं माहेर सातवे. पुढचा पाऊण तास कुणाची गल्ली, कुणाचा वाडा, कोण वारलं, कोणाची पोरगी कोडोलीला दिली. मावशींनी आत नेऊन त्यांना घरातला संडास दाखवला, बाहेर आणून पाणी दिलं आणि आईंनी तांब्याभर पाणी पिलं. आबांनी युनेस्कोचं विचारलं, तेव्हा मावशी भाकरी उलटत म्हणाल्या, ‘‘बघायला आले हुते की साहेब लोक. त्येंनी बी हितंच खाल्ली.’’

ड्रायव्हर घाटात अंधार नको म्हणून हॉर्न वाजवायला लागला. वन्संनी मोबाइलवरून पैसे द्यायला घेतले. आईंच्या भाकरीचे मावशींनी लावले नाहीत. आबांच्या दोन जादा मडक्यांचे मात्र बिनचूक लावले.